हलक्या गाडीची हवा

टायरच्या दुकानातून गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्या चारही चाकांत दुकानदाराच्या सवयीइतकी हवा असते. घरच्या चारचाकीला ती बहुतेक वेळा चालून जाते. पण दोनच माणसांची, टप उघडणारी, जेमतेम साडेनऊशे किलोंची स्पोर्ट्स कार असली तर ती चालत नाही. हे मला कळलं तेव्हा नव्या शॉक अब्सॉर्बरचा खर्च अगदी दारात येऊन उभा होता.

माझी गाडी माझदा एमएक्स-5, पहिल्या पिढीतली. 1989 साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मंनिम्म. पिंपरी-चिंचवडमधून नोकरीनिमित्त कॉव्हेंट्रीला आलो, इथेच रुळलो आणि मुलं मोठी झाल्यावर ही हौस केली. आईला फोनवर ‘माझदा घेतली’ म्हणून सांगितलं, तर तिच्या डोळ्यांसमोर स्वराज माझदाचा टेम्पो उभा राहिला. ‘आता हे काय नवीन, भाडी मारणार आहेस का?’ म्हणाली.

तर नवे टायर घातले. दुकान चांगलं होतं, काम स्वच्छ होतं, चाकं नीट बॅलन्स करून दिली. पण घरी येतानाच गाडी वेगळी वाटायला लागली. स्टिअरिंग हलकं आणि चुणचुणीत झालं होतं, पहिला मैलभर ते आवडलंही. मग खराब रस्त्याचा पट्टा आला आणि गाडी खड्ड्यावरून जायच्या ऐवजी खड्ड्याखड्ड्याला उडायला लागली. पुढे ओल्या राउंडअबाउटवर, नेहमीच्याच वेगात, मागची बाजू बाहेर सरकली. थोडीशीच, पण या गाडीत आजच्यासारखा सावरून घेणारा कॉम्प्युटर नाही. सावरायचं ते आपल्या मनगटांनी.

नव्या टायरांवर साच्यातून काढतानाच्या रसायनाचा पातळ थर असतो, पहिले शंभरेक मैल ते जरा घसरतात, हे ठाऊक होतं. म्हणून वाट पाहिली. फरक पडला नाही. एक नाशिककर मित्र शेजारी बसून फिरून आला आणि उतरतानाच म्हणाला, “अरे, शॉक अब्सॉर्बर गेलेत तुझे. चारही बदल.” गॅरेजवाल्यानेही गाडी दाबून, हलवून पाहिली, मान डोलावली आणि आकडा सांगितला. आकडा ऐकल्यावर माणूस फुकटातल्या गोष्टी आधी तपासतो, तसं मी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी जागची हलवण्याआधी, टायरला गेज लावला. चारही चाकांत 36.

ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं 26. पुढे 26, मागे 26.

दहा पीएसआय सोडल्यावर तीच गाडी, त्याच राउंडअबाउटवर, पुन्हा शहाण्यासारखी वागायला लागली. शॉक अब्सॉर्बर अजून तेच आहेत.

आता दुकानातल्या पोराने 36 का भरले असतील? त्याच्याकडे दिवसभर येतात त्या दीड-दोन टनांच्या गाड्या. आजच्या कुटुंबाच्या गाडीला 32 ते 36 सर्रास लागतात, इलेक्ट्रिक गाड्यांना तर 40 च्याही वर. बॅटरीचं वजन काही थोडंथोडकं नसतं. शिवाय हवा जास्त असली की टायर कमी चेपतो, कमी चेपला की इंधन वाचतं, म्हणून गाडी बनवणारेही हा आकडा वर नेत आले आहेत. त्या पोराच्या हाताला 36 ची सवय लागली यात नवल नाही. आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा हवावाला गाडीकडे न बघताच ‘किती, पस्तीस?’ विचारतो, त्याच जातीची ही सवय.

आणि 26 हा आकडा ऐकला की जाणकार माणूसही दचकतो, त्यालाही कारण आहे. ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या उंच, सुमारे दोन टनांच्या गाडीवर होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. या अपघातांत दोनशेहून जास्त माणसं गेली. टायरची बांधणी, उन्हाळ्यातली तापलेली हवा, गाडीत भरलेलं ओझं अशी कारणं एकात एक गुंतलेली होती आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. पण वादाच्या मध्यभागी एक आकडा होता: फोर्डने त्या गाडीसाठी सांगितलेला दाब. तो 26 होता. फायरस्टोनने नंतर 30 ठेवा म्हणून सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि त्यातून पुढे टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागण्याची सक्ती आली. तिकडे 2007 च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या गाड्यांना, युरोपात 2014 च्या नोव्हेंबरपासून.

म्हणजे ज्या 26 ने एका गाडीत घात केला, तोच 26 माझ्या गाडीला मानवतो. कारण दाबाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या डोक्यावर किती किलो आहेत ते आधी बघावं लागतं.

हे गणित प्रत्येकाला घरी करता येतं. माझ्या टायरच्या कडेवर 185/60 आर14 82एच असं लिहिलेलं आहे. यातला 82 हा वजन पेलण्याचा निर्देशांक. कोष्टकात पाहिलं तर 82 म्हणजे एका टायरला 475 किलो, तेही पूर्ण दाब भरलेला असताना. चार टायर मिळून 1900 किलो. गाडी, मी, शेजारी बायको आणि मागे दोन पिशव्या असं सगळं धरलं तरी आम्ही अकराशे-साडेअकराशेच्या घरात. म्हणजे टायरला आपल्या ताकदीच्या साठ टक्क्यांपेक्षा फार जास्त काम कधी पडतच नाही. पूर्ण दाब त्याला लागेल कशाला?

दुसरं गणित जमिनीवरचं. एका चाकावर 260 किलो धरा. 26 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1.83 किलो. भागाकार केला तर जमिनीला टेकलेलं रबर येतं 142 चौरस सेंटिमीटर. 36 पीएसआयला तेच 103 होतं. टायरच्या भिंतीला स्वतःचा कडकपणा असतो, त्यामुळे खरा फरक इतका मोठा नसतो, पण दिशा हीच. चार तळहातांएवढं रबर रस्त्याला धरून असतं, आणि हवा वाढवली की त्या तळहातांतली बोटं आत वळायला लागतात.

तिसरी गोष्ट उडण्याची. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि तिचा कडकपणा मुख्यतः आतल्या हवेवर ठरतो. जड गाडीत सस्पेन्शनच्या स्प्रिंगा दणकट असतात, टायर थोडा कडक-मऊ झाला तर त्यात खपून जातो. हलक्या गाडीच्या स्प्रिंगा मुळात मऊ, आणि चाकावर दाबून धरायला वजनही कमी. टायर कडक केला की बारीक उंचवट्यालाही चाक जमीन सोडतं. कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर हे जाणवत नाही. ओल्या आणि ठिगळं लावलेल्या रस्त्यावर वळताना जाणवतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा.

हे झालं जास्त हवेचं. आता इथे एक खबरदारी सांगतो, कारण हलक्या गाडीचे शौकीन एकदा ‘हवा कमी बरी’ हे ऐकतात आणि थांबायचं नाव घेत नाहीत. 1963 साली नासाच्या लँगली केंद्रातल्या संशोधकांनी विमानाच्या टायरांवर प्रयोग करून एक सूत्र मांडलं. टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मैलांत मांडलं तर दाबाचं वर्गमूळ गुणिले 10.35. टायर गुळगुळीत असेल किंवा पाणी खाचांच्या वर असेल तेव्हाचं हे सूत्र आहे, नव्या खाचांच्या टायरला परिस्थिती बरी असते. तरी आकडे बघा: 36 ला ताशी 62 मैल, 26 ला 53, आणि 20 ला 46. मोटरवेवर मुसळधार पाऊस, तळाशी आलेल्या खाचा आणि 20 पीएसआय अशी तीन संकटं एकत्र आली तर हलकी गाडी सगळ्यांत आधी तरंगते. इंग्लंडात 1.6 मिलिमीटर खाच कायद्याला पुरते. माझ्या मते पावसाला ती पुरत नाही. तीनच्या खाली आली की मी टायर बदलायच्या तयारीला लागतो.

म्हणून सुरुवात दाराच्या पट्टीवरच्या आकड्यापासून करायची. टायरच्या कडेवर 44 किंवा 51 असा जो आकडा छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा. त्याच्यावर जायचं नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तो भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. प्रत्येक गाडीची पट्टी वेगळी. याच एमएक्स-5 च्या चौथ्या, आताच्या पिढीला 29 आहे. लोटस एलिस ही 1996 ची मूळ गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपासची, इंजिन मध्यभागी, त्यामुळे मागच्या चाकांवर भार जास्त आणि मागे हवाही पुढच्यापेक्षा जास्त. कॉलिन चॅपमनच्या 1957 च्या लोटस सेव्हनचे हक्क 1973 मध्ये केटरहॅमने घेतले, आणि ती गाडी आजही बनते. तिचं वजन पाच-सहाशे किलो, आणि तिचे मालक 20 च्या आसपास, कधी त्याहूनही खाली हवा ठेवतात. माझ्या घरच्या हॅचबॅकमध्ये 20 असतील तर मी ती दारातून हलवणार नाही.

आकडा कळला तरी तो मोजायचा कधी आणि कशाने, हा खरा घोळ. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर मैलभर हळू चाललेली. पेट्रोल पंपावर हवा भरायला तीन मैल गेलात की टायर तापला, दाब एक-दोनने वर गेला, तुम्ही तिथे 26 लावले आणि उद्या सकाळी ते 24 झाले. इथल्या पंपांवरच्या मशीनमध्ये पैसे टाकायचे, आकडा लावायचा आणि टुंग वाजेपर्यंत नळी धरून उभं राहायचं. त्या नळीवरून लोकांच्या गाड्या गेलेल्या असतात. तिच्या आकड्यावर मी विसंबत नाही. सिगारेट लायटरच्या भोकातून चालणारा छोटा कॉम्प्रेसर किंवा साधा पायपंप घरी असला की हे सगळं टळतं.

गेज मात्र स्वतःचा हवा, आणि नेहमी तोच. घड्याळासारखी तबकडी असलेला, 0 ते 60 पर्यंतचा. ज्याची तबकडी 150 पर्यंत जाते त्यावर 26 आणि 28 मधला फरक काटा दाखवतो की आपली नजर, ते कळत नाही. माझ्याकडचे वेगवेगळे गेज एकाच टायरला लावले तेव्हा त्यांच्यात दोनाचा फरक निघाला. खरा कोणता हे शोधण्यात फारसा अर्थ नाही. एक निवडायचा आणि सगळी वही त्याच्याच भाषेत लिहायची. उन्हात उभ्या गाडीची एक बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा एखाद पीएसआय जास्त दाखवते. हे न कळल्याने मी एका बाजूच्या वॉलमधून हवा गळतेय की काय म्हणून साबणाच्या पाण्याचे बुडबुडे शोधत बसलो होतो. तेव्हा मोजायचं ते ऊन यायच्या आत.

तापमानाचा हिशेब पाठ असलेला बरा. हलक्या गाडीच्या दाबाला दर दहा अंश सेल्सियसला साधारण 1.4 पीएसआयचा फरक पडतो. ऊबदार गॅरेजमध्ये 20 अंशांत 26 लावून गाडी बाहेर उणे दोनच्या थंडीत उभी केली, तर तासाभरात ती 23 वर येते. कुठे गळती नाही, पंक्चर नाही. जड गाडीत तीनाचा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या गाडीत स्टिअरिंग पहिल्या वळणाला आळस दाखवतं. शिवाय काही न होताही टायर महिन्याला एखाद पीएसआय गमावतो. हिवाळाभर ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी एप्रिलमध्ये बाहेर काढणाऱ्यांनी आधी गेज काढावा, मग किल्ली.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारलं जातं, पुण्याहून तर हमखास. आपण जी हवा भरतो तिच्यात 78 टक्के नायट्रोजन आधीच आहे. कोरड्या वायूचा थोडा फायदा असतो कारण पाण्याची वाफ दाबात लहरीपणा आणते, आणि शर्यतवाल्यांना अर्ध्या पीएसआयचीही किंमत असते. रविवारी फिरायला जाणाऱ्याने ते पैसे चांगल्या गेजवर घालवावेत.

आता पट्टीपासून पुढे जायचं कसं. पट्टीवरचा आकडा त्या गाडीच्या मूळ टायरसाठी आहे. आज तीस-पस्तीस वर्षांनी तोच टायर कुणाला मिळत नाही, कुणी चाकं पंधरा इंची करून 195/50 घातलेले असतात, कुणी एक्स्ट्रा लोड प्रकारचे, ज्यांच्या भिंती मुळातच जाड. म्हणून एक-दोन इकडेतिकडे करून पाहण्यात गैर काही नाही. अट एकच: एका वेळी एकच बदल, आणि रस्ता ओळखीचा. माझा रस्ता कॉव्हेंट्रीच्या पूर्वेला फॉस वेवर जातो. रोमनांच्या काळची वाट, सरळसोट आणि मध्येच अचानक खाली-वर होणारी. एक राउंडअबाउट, एक उखडलेला पट्टा, एक उतार जिथे कोणी नसताना जोरात ब्रेक लावता येतो. तेवढ्यात सगळं कळतं.

काय बघायचं? आधी स्टिअरिंगचं पहिलं बोटभर फिरवणं. हवा कमी असेल तर गाडी ‘हो’ म्हणायला क्षणभर वेळ लावते. मग वळणाच्या मध्यावर लागणारा उंचवटा: तिथे गाडी आडवी उडी घेते की जागच्या जागी गिळते? पुढचा रुळावर आणि मागचा उडतोय असं वाटलं तर मागचा एकाने कमी. गाडी वळायलाच नकार देऊन सरळ जाऊ पाहत असेल तर पुढचा. एका पीएसआयने काय होणार असं जड गाडीवाले म्हणतात. त्यांच्या गाडीत खरंच काही होत नाही. या गाडीत एक पीएसआय म्हणजे चारएक टक्के.

मी 28 करून पाहिले, 24 करून पाहिले. 28 ला कोरड्या रस्त्यावर गाडी टवटवीत, ओल्यात चिंता. 24 ला उखडलेल्या रस्त्यावर मजा, मोटरवेवर पोहल्यासारखी. शेवटी उन्हाळ्यात 26, आणि पावसाळी हिवाळ्यात थंडीने खाली गेलेला दाब परत 26 वर आणायचा, म्हणजे जपानी इंजिनिअरांनी जे सांगितलं होतं तेच. हे सांगायला थोडं ओशाळल्यासारखं होतं. पण प्रयोगातून हेही कळलं की माझ्या आत्ताच्या टायरांना ते लागू पडतं. पुढच्या जोडीला पडेलच असं नाही.

थंड आकडा बरोबर आहे की नाही याची एक जुनी खूण आहे. वीसेक मिनिटं नीट चालवून लगेच मोजायचं. तीन-चारने वाढला तर ठीक. सात-आठने वाढला तर टायर जास्त चेपतोय, म्हणजे हवा कमी पडतेय. एकाच पीएसआयने वाढला तर बहुधा जास्त आहे. हा नियम वेदवाक्य नाही, पण चुकीच्या गावात आहोत की बरोबर, एवढं सांगतो.

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी हिशेब बदलतो, आणि खरा धोका ट्रॅकवरून परतताना असतो. लेस्टरशायरमधलं मॅलरी पार्क छोटंसं आहे, घड्याळाच्या दिशेने धावतं, आणि त्याचं पहिलंच वळण, जेरार्ड्स, उजवीकडे गोल-गोल-गोल, संपतच नाही. सगळा भार डाव्या टायरांवर. तिथून आत आल्यावर डावा पुढचा टायर हाताला चटका देतो आणि उजवा कोमट असतो. म्हणून सकाळी थंड असतानाच डाव्या बाजूला दोनने कमी ठेवलेलं बरं, म्हणजे गरम झाल्यावर चारही एका पातळीला येतात. माझ्या साध्या रस्त्याच्या टायरांना गरम असताना 30 च्या आसपास बरं वाटतं. त्याच्यावर गेले की ते चिकट होण्याऐवजी तेलकट होतात.

खडू हा तिथला सर्वांत स्वस्त यंत्रविशेष. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागापासून कडेवर उतरणारी जाड पांढरी रेघ तीन-चार ठिकाणी ओढायची, काही फेऱ्या मारायच्या आणि बघायचं. रेघ खांद्यापर्यंत पुसली गेली आणि कडेवर शिल्लक राहिली तर छान. कडेवरूनही पुसली गेली तर टायर आडवा लोळतोय, हवा वाढवा. खांद्याच्या अलीकडेच थांबली तर हवा जास्त. पुष्कळ टायरांच्या खांद्यावर बारीकसा त्रिकोण कोरलेला असतो, रबर तिथपर्यंत घासलं जावं, त्याच्या पुढे नको. ज्यांना आणखी खोलात जायचंय ते रबरात टोचायची सुई असलेला तापमापक घेतात आणि आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी ताप बघतात. मधली जागा जास्त तापली तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर कमी. आतली कड थोडी गरम असणं साहजिक, कारण चाकं वरून आत कललेली असतात. पिस्तुलासारखा लेझर तापमापक फक्त वरचं कातडं बघतो, आणि ते आत येईपर्यंत थंड झालेलं असतं.

आता परतीचं. दिवसभर गरम टायरांतून थोडी थोडी हवा काढून सगळ्यांनी 28 वर आणलेली असते. एक ओळखीचा असाच संध्याकाळी सामान भरून निघाला, वाटेत चहाला बराच वेळ थांबला आणि मग मोटरवेला लागला. घरी पोचेपर्यंत गाडी डुलत होती, आणि टायरच्या खांद्यांना जळक्या रबराचा वास. त्याने हवा भरून घेतली नव्हती. हिशेब सोपा आहे: 70 अंशांना 28 दाखवणारा टायर 10 अंशांना निवला की वीस-साडेवीसवर येतो. ट्रॅकवर जेवढी हवा काढली तेवढी निघण्याआधी परत घालायची. पंप डिकीत असायलाच हवा, आणि डिकी लहान आहे ही सबब चालणार नाही.

नव्या गाड्यांत दिवा लागतो, मग चिंता कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तो दिवा दाब चतुर्थांशाने खाली गेला की लागतो. 26 च्या गाडीत म्हणजे साडेएकोणीसला. तोवर गप्प. आणि काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो, चाक किती वेगाने फिरतंय त्यावरून अंदाज बांधलेला असतो. हवा भरल्यावर तुम्ही बटण दाबून ‘हे बरोबर’ असं सांगता आणि गाडी ते मान्य करते. दुकानातल्या पोराने 36 भरून बटण दाबलं असेल तर 36 हेच तिच्या लेखी बरोबर.

सगळ्यांत शेवटी बघितली जाणारी आणि खरं तर पहिली बघायची गोष्ट टायरच्या कडेवर, डीओटी या अक्षरांच्या ओळीत असते. शेवटचे चार आकडे. 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. हौशीच्या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार मैल चालतात, खाचा तशाच्या तशा दिसतात आणि रबर मात्र वाळून लाकूड झालेलं असतं. नखाने दाबून पाहा, खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत का बघा. जुनी स्पोर्ट्स कार विकत घेताना विकणारा खाचा दाखवतो, तारीख दाखवत नाही. दहा वर्षांपूर्वीची तारीख निघाली तर 26 की 28 हा वाद तिथेच सोडा, टायरचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा आणि गाडी घरी आणताना मोटरवे टाळा.